बुडबुडे थांबेपर्यंत

जळगावात बर्फाच्या कारखान्यात मी मशीनवर होतो. माझी शाळा चौथीपर्यंतच. मशीनचं काम मिस्त्रीने शिव्या घालून शिकवलं, ते डोक्यात राहिलं.

बर्फ अमोनिया गॅसवर व्हायचा. गॅसमध्ये हवा शिरली की कॉम्प्रेसर धापा टाकतो, काटा चढतो. मग हवा काढावी लागते. मशीन थांबवायचं, पण गॅसच्या नळ्यांवरचं पाणी चालूच ठेवायचं. गॅस गार होऊन खाली बसतो, हवा वर राहते. वरच्या नळीचं तोंड पाण्याच्या बादलीत बुडवायचं आणि व्हॉल्व केसभर उघडायचा. हवा असेल तर बुडबुडे वर येतात. गॅस आला तर पाणीच त्याला गिळतं, नुसतं तडतडतं. तडतडलं की बंद. याला घाई चालत नाही.

बायको धुळ्याकडची. कमरेएवढ्या भिंतीपलीकडच्या शेडमध्ये दोघी बायांबरोबर बर्फावर घालायच्या भुशाची पोती भरायची. मॅनेजर जाता-येता बोलायचा, "काय वहिनी, नवरा गारव्याला आन तुम्ही भुशात?"

ती वर न बघता म्हणायची, "तुम्ही या भुसामा, मी बसस खुर्चीवर."

बाया हसायच्या. ते त्याला लागायचं.

लग्नसराई होती. भुसावळला जाणारा ट्रक दारात उभा. काटा चढला तसं मी मशीन थांबवलं, नळी भिंतीजवळच्या बादलीत सोडली. मॅनेजरला म्हणालो, "आधी पलीकडच्या बाया उठवा."

"बाया उठल्या तर पोती तुझी आई भरंल?"

मी बुडबुड्यांकडे बघत राहिलो. एकेक येत होता. तो डोक्यावर उभा. "काय रे, बादलीत अंडी उबवतोस?"

"येतील तेवढे येऊ द्या, भाऊ."

त्याने नळी बादलीतून ओढली, भिंतीवरून पलीकडे टाकली. "हवाच आहे ना? जाऊ दे तिकडं." आणि व्हॉल्व पार उघडला.

नळी सापासारखी उसळली. पलीकडे पांढरा धूर. मॅनेजर नाक धरून रस्त्याकडे पळाला. मी आधी व्हॉल्व बंद केला, मग भिंतीवरून उडी मारली. दोघी बाया बाहेर पडल्या होत्या. माझी बायको मांडीत पोतं घेऊन भिंतीशी बसलेली. नळीचं तोंड तिच्या समोरच पडलं होतं.

तिला उचलून आत नेलं. साचे बुडवून बर्फ सोडवतात त्या टाकीत तिचं तोंड घातलं, वर काढलं, परत घातलं. मॅनेजर दारातून ओरडला, "टाकी नासवू नको! लग्नाची ऑर्डर आहे!"

"बठ्ठं धवळं शे," ती म्हणाली. सगळं पांढरं. शेवटपर्यंत पांढरंच राहिलं.

डॉक्टर म्हणाला, बुबुळं भाजली. मॅनेजर दवाखान्यात आला आणि तिच्याकडे न बघता मला म्हणाला, "मशीनवर तू होतास. सांभाळून बोल." सासरे म्हणाले, "आधी मशीन धरलं, मग माझी पोर." मी म्हणालो, व्हॉल्व उघडा राहिला असता तर ती जागीच मेली असती. ते माझ्यापुढे थुंकले. ती खाटेवरून बापाला म्हणाली, "नाना, त्यास्नी बरोबर करं." त्यांनी बरोबर केलं.

मी परत त्याच मशीनवर गेलो. दुसरं येत काय होतं? ती चाचपडत भाकरी करायची, बोटं भाजायची. माझ्या कपड्यांना गॅसचा वास आला की तोंड फिरवून बसायची. मी अंगणातच कपडे बदलायला लागलो.

या साली ती गेली. शेजाऱ्याच्या पोराने न विचारता नेत्रदानवाल्यांना बोलावलं. दोन पोरं डबा घेऊन आली. मी अडवलं नाही. एकाने पापणी उचलली, बॅटरी मारली, दुसऱ्याकडे बघितलं.

"आबा, हे कामाचे नाहीत."

"माहीत आहे."

"मग आधी सांगायचं ना. आम्ही लांबून आलो."

"बघ अजून एकदा," मी म्हणालो. "नीट बघ."

त्याने बघितलं नाही. डबा बंद केला.