कुंडमच्या सभेतलं भाषांतर

हे मी घरातही कधी बोललो नाही. बायकोजवळ नाही, नागपूरच्या बहिणीजवळ नाही. आज तुम्हाला सांगून राहिलो. काहून, ते मलाच धड ठाऊक नाही.

मी तेव्हा जबलपूरच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. परदेशातल्या एका विद्यापीठाशी आमचा करार झाला होता. उष्ण प्रदेशातली जंगलं टिकवायची, आणि तिथल्या लोकांना विचारूनच टिकवायची. 'विचारूनच', यावर तिकडच्या प्राध्यापक बाईंचा फार भर. त्यांना हिंदी येत नव्हती. म्हणून कुंडमजवळच्या गावात दुभाष्या मी.

सभेत सुखवतीबाई उठल्या. गोंड, साठीच्या, जंगलातली चारोळी वेचून घर चालवणाऱ्या. म्हणाल्या, "मैडमजी, ये पेड़ हमने बचाए हैं. पाँच साल जंगल बंद करोगे, तो हम कहाँ जाएँगे?"

प्राध्यापक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी काय सांगितलं? इंग्रजीत म्हणालो, झाडं यांनीच जपली, पुढेही जपतील. जंगल बंद ठेवायला गावाची हरकत नाही.

पहिलं खरं होतं, म्हणून पुढचं सहज निघालं. गाव नाही म्हणालं असतं, तर प्रकल्प दुसरीकडे गेला असता आणि परदेशातली माझी वर्षभराची जागाही. एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं — नाही सापडत.

प्राध्यापक बाईंनी उठून सुखवतीबाईंचे हात हातात घेतले. सुखवतीबाईंना वाटलं, आपलं ऐकलं. माझ्याकडे बघून त्या किती मोकळं हसल्या!

जंगलाला तार लागली. मी वर्षभर बाहेर राहून आलो. गावकऱ्यांच्या सहभागावर तिथे व्याख्यानंही दिली. परतल्यावर कुंडमच्या बाजारात सुखवतीबाई भेटल्या. वीटभट्टीवर जात होत्या. खूप वाळल्या होत्या. रागावल्या मात्र नाहीत.

"भैया, मैडम ने तो हाथ पकड़ के हाँ कहा था. फिर झूठ काहे बोलीं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम. मी म्हणालो, "अम्मा, बाहर के लोग ऐसे ही होते हैं."

त्यांनी मान डोलावली. उलट माझीच समजूत घातली — आपण तरी काय करणार, भैया.

प्राध्यापक बाईंचं अजून वर्षाला एक पत्र येतं. सुखवतीबाई कशा आहेत, हे त्या दरवेळी विचारतात. मी लिहितो, बऱ्या आहेत. सुखवतीबाईंना जाऊन चार वर्षं झाली.