चाळीस गुरुजींची एकच सासू

माझ्या फजित्या मोजायला बसलात तर चहाचं आधण तीनदा आटेल. पण आज जी सांगणार आहे ती सगळ्यांत थोरली. कारण ती माझ्या एकटीची राहिली नाही. माझ्याबरोबर आणखी एकोणचाळीस माणसं मी तिच्यात ओढली आणि अख्खा लातूर जिल्हा नांदेडकरांपुढं मान खाली घालायच्या बेताला आणला. आणि कशापायी? भीतीपायी. मी भित्री आहे हे गावात सांगू नका. गावात माझ्या आवाजानं बसलेल्या म्हशी उठतात.

आधी माझ्या शिक्षणाचं सांगते, म्हणजे भीतीचं मूळ कळेल. मी शाळेत गेलेच नाही. आम्ही धर्म बदलला त्या साली सासऱ्यांनी घरात एक पुस्तक आणलं, आणि वाचणारं घरात कुणी नाही. पुस्तक नुसतं फडताळात बसलेलं मला बघवेना, म्हणून मी वाचायला शिकले. मैलाच्या दगडांवरून, दुकानांच्या पाट्यांवरून, पुड्याच्या कागदांवरून. पुढं सातवी बाहेरून दिली, मॅट्रिक बाहेरून दिली, डी.एड.सुद्धा पत्रानं केलं. सगळं चुलीपुढं. मग जळकोटकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागले. म्हणजे बघा, वर्गात उभं राहून माझी वर्षं गेली, पण बाकावर मी एक दिवस बसले नव्हते. त्यामुळं कायम एकच धास्ती. कधीतरी कुणीतरी येणार आणि म्हणणार, "बाई, तुम्हाला काही येत नाही. उठा."

आणि तो दिवस आलाच, टपालानं.

लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. भाड्याच्या घरांत कचेऱ्या, पाट्यांचा रंग ओला, आणि आमच्या फायली अजून उस्मानाबादहून गठ्ठ्यांनी येऊन राहिलेल्या. कुणाचं सेवापुस्तक सापडत नव्हतं. ज्याचं सापडत नाही त्याला घरी बसवणार, अशी आवई. त्यात दुष्काळ. शाळा सकाळची, आणि टँकरचा भोंगा वाजला की घंटा न देता सुटलेली.

हेडमास्तरांनी मला बोलावून एक लखोटा दिला. तो त्यांनी दोन बोटांत असा धरला होता, जसं काही त्यात विंचू आहे.

पत्रात होतं ते असं. मुंबईच्या एका विज्ञानसंस्थेच्या अनुदानातून, लातूरचं एक कॉलेज आणि आमच्या शाळा यांच्या भागीदारीत, पाचवी ते सातवीच्या गणित-विज्ञान शिक्षकांना महिनाभर प्रशिक्षण. भागीदारी म्हटल्यावर मी तिथंच दचकले. आमच्याकडं भागीदारी म्हणजे बटईची शेती. जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा, आणि बुडालं की घामवाल्याचं. आणि खाली एक ओळ: ज्यांचं हे प्रशिक्षण होणार नाही त्यांच्याकडं सातवीचं गणित-विज्ञान राहणार नाही.

माझ्या सातवीत सात पोरी होत्या. त्यांच्या आया मला तोंडावर सांगायच्या, "बाई हायत म्हणून धाडतो, गुरुजी असते तर न्हाई धाडलं." माझ्याकडची सातवी काढून मला पहिलीवर धाडलं असतं तर त्या सातांतल्या किती दुसऱ्या दिवशी घागर घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या दिसल्या असत्या, हे मला हिशेब न करताही कळत होतं.

सोबत पंचवीस प्रश्नांचा एक पेपर. घरी सोडवून आणायचा. वर लिहिलेलं: 'जेवढे येते तेवढेच लिहावे. कोणाला विचारू नये. नाव घालू नये. न आल्यास भिऊ नये.'

मला सांगा, सरकारी कागदानं आजवर कुणाला 'भिऊ नये' म्हटलंय? गारुडी 'भिऊ नका' कधी म्हणतो? साप टोपलीतून निसटल्यावर.

मी ताडलं. हाच तो सापळा. ज्याला येत नाही तो 'येत नाही' लिहिणार आणि त्याच कागदानं घरी जाणार. पेपर घेऊन मी तडक जळकोटला शेख सरांकडं गेले. शेख सर हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा पुसला, पेपर वाचला आणि म्हणाले, "कांबळेबाई, इथं लिहिलंय कुणाला विचारू नये."

"मी कुठं विचारून राहिले? तुम्ही आपले बोला, मी आपली लिहिते."

"या अल्ला," म्हणाले, आणि सांगायला लागले.

चोवीस प्रश्न झाले. पंचविसावा होता: तुमच्या गावच्या विहिरीची खोली तुम्ही कशी मोजाल? शेख सरांनी हात झटकले. "हे गणित माझं न्हाई. विहीर तुमची, जवाब तुमचा."

तेवढं एक उत्तर मी माझ्या मनानं लिहिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं होतं की चौदा वार दोर पुरेना. मग मी दोराला सासूबाईंचं नऊवारी लुगडं बांधलं होतं. सहा वार लुगडं आत गेलं तेव्हा बादली तळाला टेकली. चौदा आणि सहा, वीस वार, म्हणजे साठ फूट. मी लिहिलं, 'माझ्या सासूबाईंच्या लुगड्याने मोजली. वीस वार भरली.' खरं तेच लिहिलं होतं. त्याच खऱ्यानं माझा घात केला.

लातूरला निघाले तेव्हा एस.टी.त शेजारी शेजारच्या गावच्या शाळेचा व्यंकट गुरुजी. पोरगेला, लग्न न झालेला, घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"अक्का, तुम्ही पेपर लिव्हला का?"

"लिव्हला."

"समदा?"

"मग काय अर्धा लिहू?"

"अक्का, माझा कोरा हाय. माझी नोकरी अजून कच्ची हाय. तुमच्या पाया पडतो."

आता सांगा, काय करायचं? मला त्याची दया आली म्हणावं तर ते खोटं. मला गुर्मी आली. बाहेरून शिकलेली बाई ट्रेनिंग कॉलेजवाल्याला उत्तरं देते, हे मला गोड लागलं. दिला पेपर. उदगीरला आणखी गुरुजी चढले. त्यांचेही कोरे, नाहीतर अर्धे. माझा पेपर पुढच्या बाकड्यावर गेला, तिथून मागं गेला, ड्रायव्हरच्या पाठीशी जाऊन आला. राहिलेल्यांनी कॉलेजच्या व्हरांड्यात चहाच्या वेळी उतरवला. कुणीही वाचून बघितलं नाही. भ्यालेला माणूस वाचत नाही, उतरवतो.

पहिले दोन दिवस सुखाचे गेले. मी बाकावर बसले. वयाच्या पन्नाशीला, पहिल्या बाकावर, पुढं वही, आणि फळ्याजवळ दुसरं कुणीतरी. बिडवे मॅडम शिकवायच्या. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापक, किडकिडीत, पण डोळा करडा. त्यांनी काही विचारलं की मी हात वर करायची, उत्तर येवो न येवो. हात वर करायची हौस राहून गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडमच्या मागून मुंबईचे पाहुणे आले. ज्या संस्थेचं अनुदान, तिथले साहेब. मॅडमच्या हातात आमच्या पेपरांचा गठ्ठा. चेहरा पांढरा. 

"अनुदान एकाच जिल्ह्यापुरतं आहे," साहेब शांतपणे म्हणाले. "लातूर नाहीतर नांदेड. मी काल नांदेड जिल्ह्यात, लोह्याला होतो. तिथल्या शिक्षकांनी अर्धे पेपर कोरे दिलेत. तुम्हा चाळीस जणांची मात्र पंचवीसपैकी चोवीस उत्तरं अचूक आहेत. तुम्हाला प्रशिक्षणाची गरज नाही. अभिनंदन. हे प्रशिक्षण आम्ही नांदेडला नेतो."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. वर पंखा होता, तोसुद्धा वीज जाऊन थांबला.

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, पंचविसावं वाचावं का?" आणि वाचायला लागल्या. "'माझ्या सासूबाईंच्या लुगड्याने मोजली. वीस वार भरली.'" दुसरा कागद घेतला. "'माझ्या सासूबाईंच्या लुगड्याने मोजली.'" तिसरा, चौथा. दहाव्या कागदाला थांबल्या. "चाळीस गावं, चाळीस विहिरी. सगळ्या वीस वार आणि सगळ्या एकाच लुगड्यानं. तुमच्यात लग्न न झालेले किती?"

मागून व्यंकटचा हात वर गेला. बिचारा खरं बोलायला गेला आणि तिथंच रडकुंडीला आला.

"मग तुम्हाला सासू कुठून आली, गुरुजी?"

"मॅडम, ठरून राहिलंय," व्यंकट म्हणाला.

हसू कुणालाच आलं नाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "म्हणजे ही कॉपी. मग तर मला शिक्षण खात्याला कळवावंच लागेल. सासू कुणाची आहे?"

  बोलले तर नोकरी जाणार. नाही बोलले तर प्रशिक्षण नांदेडला, सातवी गुरुजींकडं आणि पोरी टँकरपाशी. शिवाय बाकीचे एकोणचाळीस जण माझ्याकडं बघत होते. असे बघत होते की साहेबांना विचारायची गरजच नव्हती.

मी उठले. बाकाला धरून उठले. "सासू माझी हाय. पेपरही माझा. आणि त्यातलं मला काही येत न्हाई."

"चोवीस उत्तरं बरोबर आहेत, आणि काही येत नाही म्हणता?"

"न्हाई येत."

"अर्धा भागिले पाव किती?"

आणि माझं तोंड बघा. आयुष्यात एकदाच गप्प बसायचं होतं. पण चारचौघांत कुणी प्रश्न विचारलाय आणि मी उत्तर देणार नाही? तोंडातून निघून गेलं, "दोन."

मागून एकोणचाळीस उसासे. एकानं कपाळाला हात मारलेला मला ऐकू आला. साहेब म्हणाले, "येतं की तुम्हाला."

 येत नाही हे सिद्ध करायला उभी राहिले होते आणि पास होऊन बसले होते. नांदेडची गाडी सुटायच्या बेतात. तेवढ्यात बिडवे मॅडम म्हणाल्या, "दोन कसे आले?"

"पाव उलटा करायचा आन् गुणायचं."

"उलटा का करायचा?"

  इतकी वर्षं मी पोरींकडून ते उलटं करून घेत होते, आणि का ते मला ठाऊक नव्हतं. पत्रानं आलेल्या पुस्तकात ते लिहिलेलंच नव्हतं.

"पोरींनी विचारलं तर काय सांगता?" मॅडमनी विचारलं.

"छडी दाखवते."

"आणि मी विचारलं तर?"

ते दोन शब्द माझ्या तोंडातून त्याआधी कधी बाहेर पडले नव्हते. नवऱ्यापुढं नाही, हेडमास्तरांपुढं नाही. त्या दिवशी पडले. "माहीत न्हाई."

साहेबांनी टोपण पुन्हा पेनाला लावलं. मागं व्यंकट उठला. "मलाबी माहीत न्हाई, साहेब." मग एकेक करत अख्खा हॉल. चाळीस माणसं उभी राहून 'माहीत न्हाई' म्हणत होती, आणि ते म्हणताना प्रत्येकाची मान आधीपेक्षा थोडी सरळ होत होती. नवीन पेपर तिथल्या तिथं वाटले. मला पंचवीसपैकी तीन मिळाले. साहेबांनी ते गुण बघितले आणि समाधानानं म्हणाले, "हां. आता गरज दिसते." प्रशिक्षण लातूरलाच राहिलं. खात्याला काय कळवलं ते विचारायची हिंमत मला आजही नाही.

जाताना मॅडम माझ्या बाकापाशी थांबल्या. "बाई, त्या पेपरात मला हवं होतं ते उत्तर एकच होतं. लुगड्याचं."

हे मी ऐकलं का? कानांनी ऐकलं. महिनाभर शिकले. अर्ध्या भाकरीत पाव भाकऱ्या दोन बसतात, हे मॅडमनी भाकरी मोडून दाखवलं तेव्हा मला हुंदका आला होता. शेवटच्या आठवड्यात त्यांनी दगड टाकून खोली काढायचं सूत्रही शिकवलं. दगड पडायला लागलेल्या सेकंदांचा वर्ग करायचा, त्याला सोळानं गुणायचं, उत्तर फुटात.

शेवटच्या दिवशी परत पेपर. परत तेच पंचवीस प्रश्न. चोवीस मी माझ्या डोक्यानं, का ते समजून लिहिले. पंचविसाव्याला आले आणि जुनी भीती परत उठली. आता मी शिकलेली बाई. शिकलेल्या बाईनं लुगडं लिहायचं? शोभतं का? मी सूत्र लिहिलं. आमच्या विहिरीत दगड टाकला की मी काय मोजायची ते आठवलं. एक-दोन-तीन-चार-पाच, घाईघाईनं. म्हणजे पाच सेकंद. पाचाचा वर्ग पंचवीस, सोळा गुणिले पंचवीस, चारशे. लिहिलं, 'चारशे फूट.'

पंचवीसपैकी चोवीस. व्यंकटला पंचवीस. त्यानं लिहिलं होतं, 'दोर संपला, मग हेडमास्तरांचं धोतर बांधलं.'

पण सातवी माझ्याकडं राहिली. घरी येऊन मोठ्या तोऱ्यात प्रमाणपत्र सासूबाईंपुढं ठेवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून काय चुकलं तेही मीच सांगितलं, बाईचं तोंड थांबतं होय? त्यांनी ऐकून घेतलं, अंगावरचं तेच लुगडं हातानं सारखं केलं आणि म्हणाल्या, "शिकाया जायच्या आदी निदान इहीर तरी ठावी हुती की गं तुला."