शिजवलेली माती

तिला सगळे लखलखबाई म्हणायचे आणि तिला त्याचा राग नव्हता. माती तपासणाऱ्या एका संस्थेत, काचघरामागच्या मोरीवर ती कुंड्या घासायची. घासायची म्हणजे काय, कुंडीचा जीव जाईपर्यंत घासायची. घरीही तोच खाक्या. सासूबाईंकडे जायचं तर आपले पाय घरी काढून ठेवून जावं लागतं, असं जावई म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

घरामागे नवऱ्याची कामाची जागा होती. बिचाऱ्याने जन्मभर तिथे गाड्यांच्या बॅटऱ्या फोडल्या, जोडल्या. तो गेल्यावर तिने तिथे कांद्याची पात लावली. पुढे लेकीला दिवस गेले, डॉक्टरांनी हिरवा भाजीपाला खा म्हणून सांगितलं, मग काय विचारता, आईला हुरूप चढला. दर आठवड्याला पातीच्या जुड्या लेकीकडे रवाना.

त्या मातीत बॅटऱ्यांतलं शिसं असणार हे तिला कळत नव्हतं असं नाही. संस्थेत दिवसभर दुसरं बोलणं तरी कशाचं? पण घाण म्हटली की ती साफ करायची, एवढंच तिला ठाऊक. काचघरात प्रयोग करणाऱ्या बाई काही कुंड्यांची माती वाफेवर शिजवून घेतात, हे ती रोज बघत होती. झालं. कपडे उकळायचं मोठं पातेलं निघालं आणि मागचं अंगण घमेल्याघमेल्याने शिजू लागलं. कोपऱ्यातला एक तुकडा तेवढा राहिला, कारण कंबर धरली.

चहाच्या वेळी तिने हे बाईंना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "दोन्हीकडची पात आणून द्या मला."

तिने आणून दिली. शाबासकीच मिळणार अशी तिची खात्री होती. तपासणी झाल्यावर बाईंनी तिला समोर बसवलं.

"मावशी, शिसं धातू आहे. ते शिजवून कुठे जाणार? शिजवल्याने मेली ती फक्त मातीतली बुरशी."

"मग चांगलंच झालं की."

"तिथेच तर गोम आहे. कांद्याच्या मुळांना एक बुरशी धरून असते, नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. ती पुष्कळदा शिसं मुळापाशीच अडकवते, वर कमी चढू देते. प्रत्येक झाडाचं असंच होतं असं नाही, कधी उलटंही होतं. पण तुमच्याकडे शिजवलेल्या मातीतल्या पातीत जास्त शिसं निघालंय. कोपऱ्यातल्या पातीत कमी आहे, तरी खाण्याजोगी तीही नाही."

लखलखबाईला लेक आठवली. पोटुशी लेक, आणि आपण तिला हौसेने काय खाऊ घातलं? बाई म्हणाल्या, रक्त तपासता येतं, आधी तिला सांगा. ती तशीच उठली आणि लेकीचं घर गाठलं.

लेक स्वयंपाकघरात कपडे घडी करत बसली होती. आईने दारातूनच सगळं सांगून टाकलं, श्वासही न घेता. लेकीने ऐकून घेतलं आणि हातातला टॉवेल बाजूला ठेवला.

"आई, मी ती पात खाल्लीच नाही. एकदासुद्धा. बाबांच्या बॅटऱ्या तिथेच फुटायच्या ना? माझ्या घशाखाली उतरली नसती. आली की टाकून द्यायचे."

"मग बोलायचं नाही का?"

"तुला वाईट वाटलं असतं."

आईचा जीव भांड्यात पडला. आधी भडभडून रडली, मग चिडली, एवढ्या कष्टाची पात कचऱ्यात गेली म्हणून, आणि शेवटी स्वतःलाच हसली. "अगदी बापासारखी घुमी आहेस," म्हणाली. "जाऊ दे, तुझ्या वाट्याचं टळलं. निवडून निवडून कोवळी पात तुला बांधायचे गं. जाड, पिवळी उरायची ती मी खायचे."

लेकीने घड्यांचा ढीग बाजूला सारला.

"रोज?"

"टाकवत नव्हती. माझं काय एवढं, मी खाऊनपिऊन सुखी आहे."

माती कसली आहे हे तिला पहिल्या जुडीपासून माहीत होतं, आणि आईही तीच पात खात असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. पोट सावरत ती उठली, आईचा दंड धरला आणि म्हणाली, "चल, आधी तुझं रक्त तपासायचं. आत्ता." आई नको नको म्हणत होती, पण लेकीने काही हात सोडला नाही.