पापडीचा थोराड सेंटर फॉरवर्ड

रविवारी पहाटे ठाण्याहून स्कूटर काढली तेव्हा बायको म्हणाली, "सून पाहायला निघालात की काय? चेहरा बघा जरा आरशात."

मला हसू आले नाही. मी वसईजवळच्या पापडी गावात हॉकीचा एक सेंटर फॉरवर्ड पाहायला निघालो होतो. राज्याच्या ज्युनिअर शिबिराची यादी मंगळवारी बंद होणार होती आणि तीत एकच जागा उरली होती. मुलगा सतरा वर्षांचा आणि चांगला धिप्पाड आहे, असे तिथल्या खेळाच्या मास्तरांचे पत्र होते. त्या 'धिप्पाड' शब्दाने माझी दोन रात्रींची झोप उडवली. मागच्या वर्षी मीच निवडलेला एक धिप्पाड मुलगा अठराच्या पुढचा निघाला होता. ऐन स्पर्धेत त्याचा खरा दाखला आला, संघ बाद झाला आणि बाकीची पोरे परतीच्या एस.टी.त रडत होती. समितीच्या अध्यक्षांनी मला बोलावून शांतपणे सांगितले, "पुन्हा असं झालं तर निरीक्षकाचं काम विसरायचं."

घोडबंदरचा घाट उतरून खाडीचा पूल ओलांडला. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झाले होते, तरी पुलाच्या कठड्यावर तिच्या घोषणा पुसट दिसत होत्या. महामार्ग सोडून पश्चिमेला वळलो. आधी मिठागरे लागली, पांढऱ्या ढिगांवर ऊन चढत होते. तिथेच मागचे चाक बसले. स्टेपनी काढून नट फिरवत असताना एक म्हातारे मिठागरकरी जवळ येऊन उभे राहिले.

"पानी देऊ काय? कुनाकडं निघालाव?"

मी सांगितले.

"मनवेलला बघाया? मग इचारू नका कुनाला. मैदानात सगल्यांच्या वर ज्याचं डोकं दिसल तो मनवेल."

त्यांनी कौतुकाने सांगितले आणि मी नट गरजेपेक्षा जास्तच आवळला.

मिठागरे संपली तशी हवा बदलली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, विहिरींवर रहाट, पाटातून वाहणारे पाणी. पापडीत पोहोचलो तेव्हा मिस्सा (चर्चमधली रविवारची उपासना) नुकतीच संपली होती आणि माणसे तशीच, नव्या कपड्यांत, शेजारच्या मैदानाकडे निघाली होती. मास्तरांनी मला बाकावर बसवले. एका बाईंनी न विचारताच हातावर सुकेळी (सोलून वाळवलेली केळी) ठेवली. "ज्याला बघाया आलाव, त्याची मी आय," त्या म्हणाल्या. खेळाडूच्या घरचे काही खायचे नाही असा माझा नियम आहे. तो मोडला, कारण सुकेळ्यांचा वास फार चांगला होता.

म्हातारबाबांचे खरेच होते. मनवेल सगळ्यांपेक्षा वीतभर उंच आणि खांद्यांनी दुप्पट होता. थोराड मुले चेंडू वाचवायला पाठ मध्ये घालतात आणि पंच फाऊलची शिट्टी मारतो. हा तसे करत नव्हता. चेंडू काठीला चिकटवून तो बाजूने निघायचा, आणि चेंडू गेला तरी त्याचे पाय थांबत नव्हते, मागे पळत यायचा. गोलरक्षकाच्या पॅडवरून उडालेल्या चेंडूवर तर तो दोनदा सगळ्यांच्या आधी पोहोचला. मी भराभर टिपत होतो. इतके अवजड अंग आणि इतके हलके पाय मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

मध्यंतरात तो पाणी प्यायला जवळ आला. वरच्या ओठावर दाट मिशी होती. हनुवटीवर वस्तऱ्याचा ओरखडा होता. माझे सगळे सुख तिथेच संपले.

सामना सुटताच मी चर्चच्या कचेरीत गेलो. जुने फादर गावाला गेले होते. नव्याने आलेल्या तरुण फादरनी बाप्तिस्म्याचे जाड पुस्तक काढले, आणि थोडे चाळून बोट ठेवले. मनवेल. बाप तोच, आई तीच, घर तेच. मी मनात वर्षे मोजली. विसावे वर्ष उलटून गेले होते.

बाहेर माय-लेक उभे होते. मी विचारही केला नाही. "वय चोरलंस," मी म्हणालो, "आणि मला फसवायला निघालास. तुझं नाव यादीत जाणार नाही."

त्याने एकदा आईकडे पाहिले आणि मान खाली घातली. झाले, कबूल झाला, असे मी समजलो.

आई त्याला घरच्या बोलीत काही म्हणाल्या. मला कळले नाही. मग माझ्याकडे वळून त्यांनी सावकाश विचारले, "पुस्तकात कोणतं साल हाय?"

मी सांगितले.

"तो माझा पयला," त्या म्हणाल्या. "दीड महिन्याचा गेला. आमच्यात पयल्या पोराला आज्याचं नाव देतात. तो गेल्यावर नाव ह्याला दिलं. फुडची पानं बघा, सायेब."

आम्ही परत आत गेलो. फादरनी पाने उलटली. पुढच्या एका पानावर तेच नाव, तेच आईबाप, आणि वय बरोबर सतरा. मयतांच्या पुस्तकात पहिल्या मनवेलची एक ओळ होती. त्या ओळीजवळ आईंनी बोट नेले आणि न टेकवताच मागे घेतले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"अरे, तू बोलला का नाहीस?" मी बाहेर येऊन विचारले.

"आयसमोर कसा बोलू?" मनवेल म्हणाला. "घरात मला बाबू म्हणतात. ते नाव आय तोंडातून काढत नाय."

मी दोघांची माफी मागितली. आई म्हणाल्या, जेवून जा. मनवेल मात्र काठीचे टोक मातीत फिरवत उभा होता. शेवटी म्हणाला, "सर, दुसऱ्या हाफमध्ये मी डावीकडून वळून बॉल मारला, तो बरोबर होता काय? मास्तर म्हणतात उशीर झाला."

मला काही आठवेना. डावीकडून वळला होता? गोल झाला होता? पस्तीस मिनिटे मी त्याची मिशी पाहत होतो, गुडघे, मानेवरची लव पाहत होतो, आवाज ऐकत होतो. एवढ्या लांब येऊन मी त्याचा दुसऱ्या हाफमधला खेळ पाहिलाच नव्हता. "चांगला होता," असे मी म्हणालो आणि त्याचा चेहरा उजळला. ते मला अजून टोचते.

परतताना खाडीच्या पुलावर स्कूटर थांबवून थोडा वेळ उभा राहिलो. पोरांचे पाय पाहण्यासाठी मला नेमले होते, आणि एका भीतीपायी मी पोलीस झालो होतो. खरे लिहावे तर समिती मला ठेवणार नव्हती. न लिहावे तर त्या पोराला मी दुसऱ्यांदा फसवणार होतो.

त्या संध्याकाळी अहवाल लिहिला. बाप्तिस्म्याच्या दोन्ही आणि मयताच्या एका नोंदीच्या, फादरनी दिलेल्या नकला जोडल्या. पहिल्या हाफवर दीड पान भरले, शिबिरासाठी जरूर घ्यावा असे लिहिले. दुसऱ्या हाफच्या रकान्यात एकच वाक्य लिहिले आणि खाली सही केली: "मुलगा खेळत होता, निरीक्षकाचे लक्ष नव्हते."