मामीचं पातेलं आणि बेगम बाजारची कल्हई

हल्ली ज्याला त्याला पितळी भांडी हवीत, मग मीच का मागे राहू? म्हणून पुण्याहून हैदराबादला निघाले. रात्रीची बस आरामाची आहे, पण पांघरूण न्या. एसीत दात वाजतात. सकाळी कुकटपल्लीला मामेभावाकडे पोचले.

मामी स्वयंपाकघरात नव्हती, हॉलमध्ये बसून होती. हे नवीनच. गेल्या महिन्यात तिने जुन्या पितळी पातेल्यात चिंचगुळाची आमटी केली. आतली कल्हई उडालीय हे तिला दिसलं नाही. आमटी कळकली, नातवाला उलट्या झाल्या. मीनलवहिनीने पातेलं माळ्यावर टाकलं आणि मामीचं गॅसपाशी जाणंच बंद केलं. वहिनीचं चुकलं असं नाही. पण मामीला तसं बसलेलं बघून मला वाईट वाटलं.

"नुसती कल्हई हवी गं त्याला," मामी म्हणाली.

"आणा करून," वहिनी म्हणाली. "पण आधी मी चाखणार, मग पोराला."

दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन मामी आणि मी बेगम बाजारात. सकाळीच जा, नंतर गल्लीत रिक्षा शिरत नाही. दुकानांत नव्या पितळेच्या उतरंडी आहेत. कल्हईवाला मात्र विचारत विचारत शोधावा लागतो. सापडल्यावर मामीला कंठ फुटला.

"भाई, हल्का हाथ नक्को मारो. खट्टा पकाना है इसमें."

"फिकर नक्को करो अम्मा. बस, खाली बर्तन आग पे नक्को रखो. कल्हई पिघल जाती."

त्याने पातेलं भट्टीवर तापवलं, नवसागर टाकला, कथील टेकवलं आणि कापसाने आतून फिरवलं. धुरातून पांढरी चकाकी वर आली. मामी पदर नाकाला लावून वाकून बघत होती. मग आम्ही इराणी चहा घेतला.

घरी मामीने मुद्दाम तीच आमटी केली. वहिनीने चमचाभर जिभेवर घोळवली आणि पुढचा चमचा मुलाच्या भातावर वाढला. मामी ओटा पुसत राहिली.

येताना मी पितळी कढई आणली. ती अजून शोकेसमध्येच आहे, खोटं कशाला बोलू! परवा मामीचा फोन आला. पातेल्याची कल्हई बुडाशी पातळ झालीय म्हणे.

"तुला दिसलं?" मी विचारलं.

"मला कुठलं दिसतंय? मीनलने बघितलं. रविवारी तीच घेऊन जाणार आहे."