कट्ट्यातलं ऊन पाणी

माझा मुलगा नव्वदच्या दशकातल्या एका आषाढात जन्मला, दिवस भरायच्या आधीच. बाळंतपणाला मी माहेरी, गगनबावड्याजवळच्या वस्तीवर होते. तिथं विजेचे खांब पोचले नव्हते. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या: पोराला ऊब द्या आणि धुरापासून लांब ठेवा. आमच्याकडे ऊब म्हणजे बाजेखालची शेगडी, आणि शेगडी म्हणजे धूर. सासरी शिरोळला वीज होती, पण रस्त्यावर पुराचं पाणी होतं.

शेगडी आणली की पोर खोकायचं, काढली की त्याचे तळवे गार पडायचे. मला भीतीनं झोप लागत नव्हती. आई मात्र शेगडी सोडायला तयार नव्हती. बाळंतिणीचा शेक बंद करणारा डॉक्टर तिला अर्धवट शिकलेला वाटायचा.

माझ्या वडिलांनी, आबांनी, साखर कारखान्यात फिटर म्हणून उभा जन्म काढला होता. हात बांधून बसणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी खोलीची जमीन उकरून तांब्याची लांब नळी वेटोळी घालून पुरली आणि तिची टोकं पडवीतल्या अंघोळीच्या बंबाला जोडली. पाणी ढकलल्याशिवाय फिरत नाही, हे त्यांचं कारखान्यातलं ठाम मत. म्हणून एका मोडक्या जीपची काच धुवायची मोटर आणि ट्रॅक्टरची बॅटरी लावली. जमीन कोमट झाली, आबा मिशीत हसले. दुसऱ्या दिवशी बॅटरी उतरली. ते ती खांद्यावर घेऊन पावसातून बाजारात गेले, भरून आणली, तीही उतरली.

त्या दुपारी पोराचे पाय पुन्हा गार लागले. आबा बॅटरीकडे बघत बसले होते. आई चुलीपुढून उठून आली.

"नळ्या जमिनीत पुरल्यात तुम्ही. ऊन पाणी वर चढतंय, खाली कशाला जाईल? त्येला वर जायला वाट द्या की."

आबांनी तिच्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता भांडण जुंपणार. पण त्यांनी पहार उचलली आणि आपलीच जमीन उखडायला घेतली. बंब पडवीच्या पायरीखाली उतरवला, त्याचं झाकण डाखून घट्ट केलं. खोलीत कमरेएवढा मातीचा कट्टा रचला आणि नळी त्यात चढती बसवली. हवा निघायला सगळ्यात उंच जागी एक तोंड उघडं ठेवलं. आईनं वरून शेणामातीनं सारवलं.

मोटर नाही, बॅटरी नाही. बंबात मूठभर काटक्या पेटल्या, तापलेलं पाणी आपसूक वर चढलं आणि गार होऊन आपसूक खाली आलं. धूर पडवीतूनच वाऱ्यावर गेला. संध्याकाळपर्यंत कट्टा ऊबदार झाला होता.

आईनं शेगडी बाहेर नेऊन ठेवली. गोधडी अंथरून पोराला कट्ट्यावर निजवलं. आम्ही तिघंही वाट बघत बसलो. ते एकदाही खोकलं नाही. बऱ्याच वेळानं आईनं त्याचे तळवे आपल्या गालाला लावले.

"ऊन हायत," ती म्हणाली.

काटक्या सारून येतो म्हणत आबा बाहेर गेले, ते लवकर आत आलेच नाहीत. मी भिंतीला धरून दारापर्यंत गेले. बंबात जाळ व्यवस्थित होता. आबा त्याच्यासमोर उकिडवे बसून, टोपीत तोंड खुपसून रडत होते.