गोमूत्र आणि बरखेड्यातली ती एक खोली

चार जुनी माणसं एकत्र बसली की लघाटेबाईंचा विषय निघतोच. एकाने एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि चहा गार होतो. मी तर त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं औषधं कुटली, पुड्या बांधल्या. त्यामुळे माझ्याकडे सगळ्यांत मोठा साठा!

आधी थोडं सांगते. भोपाळला बरखेड्यात कारखान्याच्या क्वार्टरांमध्ये आमचा एका खोलीचा आयुर्वेद दवाखाना होता. लघाटेबाई मूळच्या ग्वाल्हेरच्या वैद्य. औषधं स्वतः बनवायच्या, ग्रंथात सांगितलं असेल तर गोमूत्र वापरूनच. दवाखाना रहिवाशांच्या समितीचा, पण खोली कारखान्याच्या टाउनशिपची. "खोली परत द्या" अशी चिठ्ठी दर वर्षी यायची. खोली गेली की दवाखाना बंद, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

*

समितीचे सेक्रेटरी श्रीवास्तवजी. कारखान्याच्या स्टोअर्समधून रिटायर झालेले, पण स्टोअर्स काही त्यांच्यातून रिटायर झालं नव्हतं! बाईंनी गोमूत्र मागितलं, तर त्यांनी फॉर्म पुढे केला. 'मेक?' बाईंनी लिहिलं, 'देशी गाय'. 'मॉडेल?' बाईंनी लिहिलं, 'काळी'.

गाय रामकलीची. वस्तीतली गवळण, रोज पहाटे धरलेलं ताजं गोमूत्र कॅनमधून आणायची. श्रीवास्तवजींनी पहिल्या दिवशीचा नमुना बाटलीत ठेवला. दुसऱ्या दिवशीचा रंग त्याच्याशी जुळेना. झालं, कॅनवर 'रिजेक्टेड'ची चिठ्ठी! रामकली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबूजी, नमूना हमें काहे दिखा रहे हो? गैया को दिखाओ!"

*

पुष्कळ लोकांना वाटतं, गोमूत्र म्हणजे नुसतं प्यायचं. बाईंकडे ते जास्त करून शुद्धीला लागायचं. मंडूर म्हणजे जुन्या लोखंडाचा मळ. तो लालबुंद तापवायचा आणि गोमूत्रात विझवायचा, असं सात वेळा. मग पुढे त्याचं भस्म.

हे ऐकून घाटपांडेकाकांचे डोळे चमकले. ते कारखान्यात हीट ट्रीटमेंटचे फोरमन होते! "बाई, हे क्वेंचिंग आहे. ही भट्टी माझी," म्हणाले. रविवारी सकाळी मागच्या अंगणात भट्टी पेटली. काका नुसत्या रंगावरून ताव ओळखायचे. "थांबा, अजून थांबा... हां, आता!" की मी चिमट्याने मंडूर गोमूत्रात टाकायची. जी वाफ उठायची, तिच्या वासाने अख्ख्या लाइनच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. पण सातही वेळा ताव तसूभर चुकला नाही. बाई म्हणाल्या, "घाटपांडे, असा विझवलेला मंडूर मी गुरुजींकडेही पाहिला नाही." काकांची छाती केवढी फुगली!

घरी गेल्यावर काकूंनी दार अर्धवटच उघडलं. "तीस वर्षं भट्टीवरून घरी आलात, पण अंगणातल्या नळावर आंघोळ करायची वेळ आजच आली!"

*

एकदा एक टायवाला बाटल्यांची पेटी घेऊन आला. त्याच्या गोमूत्राच्या अर्काने म्हणे शुगर जाते, हृदय सुधारतं, डोळ्यांचे नंबर उतरतात. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आप खुद कितने साल से ले रहे हैं?"

"पाँच साल से, मैडम!"

"तो ये चश्मा शौक़िया लगाया है क्या?"

पेटी आली तशी गेली.

*

रामटेके आमच्या नागपूरकडचा, कारखान्यात क्रेन चालवायचा. कुणाचं तरी ऐकून त्याने शुगरची गोळी बंद केली आणि रोज सकाळी पेलाभर गोमूत्र सुरू केलं. वर हे बाईंना अभिमानाने सांगायला आला! बाईंचा पारा असा चढलेला मी कधी पाहिला नव्हता.

"रामटेके, क्रेनचा ब्रेक काढून ठेवला आणि हॉर्न जोरात वाजवला, तर चालते का रे?"

"नाही जी, बाई."

"मग बस स्कूटरवर!" बाईंनी त्याला स्वतःच्या स्कूटरवर मागे बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं. सहा फुटी रामटेके बाईंची पिशवी मांडीवर धरून बसलेला सगळ्या बरखेड्याने पाहिला.

*

आणि मग एका वर्षी नुसती चिठ्ठी आली नाही, माणसंच आली. एक अॅलोपॅथीचे मोठे डॉक्टर आणि इस्टेट ऑफिसचे वर्माजी. खोली ठेवायची की घ्यायची, हे डॉक्टरांच्या शब्दावर ठरणार होतं. श्रीवास्तवजींनी आदल्या दिवशीच बाईंना बजावलं होतं, "ज़रा बढ़ा-चढ़ाकर बोलिएगा. बीस बीमारियाँ तो गिनवा ही दीजिए!"

वर्माजींनी आल्या आल्या खोली मोजायला टेप काढली. एक टोक माझ्या हातात दिलं, आणि मी वेड्यासारखी ते धरून उभी राहिले. डॉक्टर खिडकीतल्या बरणीकडे नाक मुरडून बघत होते.

"ये क्या है?"

"बचनाग की जड़ है, ज़हरीली होती है," बाई म्हणाल्या. "तीन दिन धूप में गोमूत्र में रहेगी. गोमूत्र रोज़ बदलेंगे. उसके बाद ही दवा में जाएगी."

"और आपके गोमूत्र से क्या-क्या ठीक होता है?"

डॉक्टरांच्या पाठीमागे श्रीवास्तवजींनी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. मग पुन्हा दहा.

बाईंनी टेबलाचा ड्रॉवर उघडला. "वो लिस्ट छोटी है, डॉक्टरसाहब, ज़बानी बता दूँगी. दूसरी लंबी है, इसलिए लिखकर रखी है." आणि एक फुलस्केप कागद त्यांच्या हातात दिला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'इनमें गोमूत्र नहीं. सीधे बड़े अस्पताल भेजें.' खाली छातीत दुखणं, कावीळ, कुठलीही गाठ, शुगर, गरोदर बाईचा ताप... दोन्ही बाजू भरलेल्या.

श्रीवास्तवजींनी कपाळाला हात लावला. मला मात्र बाईंचा इतका अभिमान वाटला की डोळ्यांत पाणीच आलं. खोली जाणार हे तर दिसतच होतं.

डॉक्टरांनी पहिली बाजू उभ्या उभ्या वाचली. मग पेशंटचं स्टूल ओढून बसले आणि मागची बाजू वाचली. शेवटी खिशातून पेन काढलं, यादीच्या तळाशी स्वतःच्या हाताने आणखी एक आजार लिहिला, आणि कागद बाईंना परत दिला.

"वर्माजी," ते म्हणाले, "टेप समेट लीजिए."